नाकाला चप्पल

मेंदूच्या डॉक्टरांकडं नंबर लावून बसलेल्या संयोगिताच्या मागच्याच बाकावर कागलच्या बयाबाई आणि नेसरीचे सयाजीअण्णा बोलत होते. ओळख आत्ताचीच, पण हळू बोलणं दोघांच्याही रक्तात नव्हतं, त्यामुळं तिला सगळं ऐकू येत होतं.

"पावणं, कुणाला आणलंय?"

"थोरल्या बहिणीला. आत तपासाय घेतलंय. तुमचं?"

"नात. परवा शाळंच्या दारातच फिट आली. मी आपली नाकाला चप्पल लावली, तर तिच्या बाई माझ्यावरच खेकसल्या की!"

"बरं केलं त्यांनी. आमच्या आक्काच्या नाकाला चप्पल मीच धरायचो. पन्नास वर्सं धरली."

"आन् डॉक्टरला दावलं न्हाय?"

"देवरुषाला दावलं. डॉक्टरला औंदा, तेबी नातसून हटून बसली म्हणून. सहा महिनं गोळी चाललीया, एक फिट न्हाय."

"नवीन निघाली आसंल गोळी."

"मलाबी तसंच वाटलं. डॉक्टर म्हणालं, अण्णा, ही तुमच्या तरुणपणीबी मिळत हुती."



"आन् आक्काचं लगीन?"

"कोण करणार? चुलीपाशी बसू दिलं न्हाय. हिरीत पडंल म्हणून मळ्यात कधी न्हेलं न्हाय. काल मला म्हणती, 'सया, आता जाऊ का रं एकटी हिरीवर?'"

"मग जाऊ द्या की!"

"हीर बुजवून तीस वर्सं झाली. तिला सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय."