बाकावरचा छेदनबिंदू

हसणार असाल तर मी सांगतच नाही. सहामाहीत आलेख काढून दोन समीकरणं सोडवायची होती. दहा मिनिटं उरली होती आणि माझ्या दोन्ही रेषा एकमेकींना भेटायच्या आधीच आलेख कागद संपला. हात वर करायची हिंमत होईना. शेवटी पट्टी धरून मी दोन्ही रेषा बाकावरच पुढे नेल्या. तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले.

"काय वं, बाकावर कॉपी लिहून राहिली काय?"

मी पट्टी उचलून रेषा दाखवल्या. "नाही सर. उत्तर... तिकडे गेलं."

सरांनी रेषांवरून बोट फिरवत थेट बाकापर्यंत नेलं. मग माझ्यापुढे नवा कागद ठेवला.

"प्रमाण एका सेंटीमीटरले एक एकक नाही, दोन धर. नाहीतर तपासायले हा बाक मले घरी न्यावा लागन."