गंजावर मारलेला निळा रंग

सखूबाई, माझी वहिनी, पेठकडच्या आमच्या पाड्यावरची, गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराला निघाली आणि धरणाच्या मधोमध सरकारी बोटीचा तळ फुटून तिचा पाय आरपार गेला. पोटरी पत्र्यानं फाटली. बाकीच्यांनी तिचंच लुगडं त्या भोकात कोंबलं, घमेल्यानं पाणी उपसत कसाबसा काठ गाठला. अपघात म्हणू नका त्याला. हा अपघात नाय.

मी तिचा दीर. आमचा पाडा धरणाच्या पाण्यापल्याड, भात-नागलीवर भागत नाय म्हणून मी अंबडला आलो, लोखंडी कामाच्या शेडमध्ये रंगारी म्हणून लागलो. शेठनंच शिकवलं मला, लोखंड ग्राइंडरनं घास, चकाकलं पाहिजे, हात फिरवला तर बोटाला तांबूस लागता कामा नये, मग गंज अडवणारा प्रायमर, तो वाळू दे, परत प्रायमर, मग रंग. शिकवताना खोटं नाय शिकवलं माणसानं, तेवढं मान्य. आणि काय सांगू तुम्हाला, आमच्याच पाड्याची बोट आमच्याच शेडमध्ये बनायला आली, मला लय आनंद. पत्रा पावसात पडून लाल झालेला, मी ग्राइंडर उचलला तर शेठ म्हणतो ठेव तो खाली, उद्या उद्घाटन हाय, मांडव घातलाय, निळा रंग मारून मोकळा हो. मी म्हटलं शेठ, गंजावर? तर म्हणे तुझ्या बापाची बोट हाय का? म्हटलं हो, बापच बसणार हाय तिच्यात. सगळी शेड हसली. मला गेटबाहेर काढलं आणि रंग दुसऱ्यानं मारला.

मग उन्हाळा आला. आमच्याकडं लाकडाची होडी उन्हात तडकू नये म्हणून दगड घालून काठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात, आजा-पणजापासून तसंच, म्हणून म्हाताऱ्यांनी ही लोखंडाचीपण बुडवली, मायेनं बुडवली. मी अंबडला दुसऱ्या शेडमध्ये, मला पत्ता नाय. लोखंडाला त्याची गरज नव्हती, चुकलंच ते. पण चौकशीला आलेल्या साहेबानं तेवढंच धरलं, म्हणे तुम्हा अडाणी लोकांनीच बोट बुडवून गंजवली. वहिनी खाटेवरूनच म्हणाली, साहेब, बोट पाण्यात ठेवली म्हणून गंजली, मंग काय चुलीवर ठेवायची व्हती? साहेब पेन झटकत बसला. रंगाखाली प्रायमर व्हता का, हे त्यानं कुणालाच विचारलं नाय.

वहिनीला आता भाताच्या आवणीला चिखलात उभं राहता येत नाय. आणि ती बोट? परत त्याच शेडमध्ये पालथी पडलीय. परवा गेटवरून डोळ्यानं बघून आलो, भोकावर पत्र्याचं ठिगळ आणि बाकीच्या लाल तळावर पुन्हा तोच निळा रंग. पाऊस लागला की पाड्याला बाजार, दवाखाना, शाळा, सगळं त्याच बोटीतून.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हालाच सांगतो. हळहळू नका, त्याचा आम्हाला उपयोग नाय. बोट येईल त्या दिवशी काठावर या. येताना मोठा खिळा आणा, नारळ फुटायच्या आधी तळाचा रंग खरवडा, आणि खाली गंज निघाला तर ती बोट पाण्यात ढकलू देऊ नका, पुढं कुणीही उभा असो.