तिसरं कडवं

(आखाडा बाळापूर. रविवारची उपासना आटोपली आहे. चर्चमध्ये नीलाबाई पेटी पुसत आहेत. हरिचंद काल कापणीच्या सणाला झालेल्या मैफलीच्या सतरंज्या गुंडाळतो आहे.)

हरिचंद : ...अन् मागच्या भिंतीवर बी पोरं बसले व्हते, बाई. गेटापासून पार रोडपर्यंत माणूस. म्या मोजायचंच सोडून देलं.

नीलाबाई : मोजायला तुला सांगितलं कोणी होतं?

हरिचंद : कुरुंद्याहून दोन जीपा आल्या. हळदवाले लोक. सेनगावचं भीमगीतवालं मंडळ तर आपला नंबर झाल्यावर बी उठलं न्हाई. शेवटपर्यंत बसून राहिले, सपना सिस्टरचं ऐकत.

नीलाबाई : गात होती सगळी मंडळी, आणि ऐकत होते सपनाचं.

हरिचंद : आता मी तसं कुठं म्हणलो?

नीलाबाई : तसंच म्हणालास. ती सतरंजी तिकडे झटक, माती पेटीवर येते. पाच वर्षांपूर्वी ही शनिवारची मैफल सुरू केली, तेव्हा किती माणसं होती? सांग ना.

हरिचंद : अकरा.

नीलाबाई : त्यात तू, मी आणि पाळकसाहेबांचं घर. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, तिकीट नाही, दानाची थैली फिरवायची नाही, गावातल्या कुणीही यावं, कुठल्याही धर्माच्या, गावं, ऐकावं. कल्पना कुणाची होती?

हरिचंद : तुमचीच.

नीलाबाई : भजनी मंडळाच्या दारात कोण गेलं? भर बाजारात कव्वालीवाल्यांना कोण शोधत फिरलं? आणि आता गेटावरचा बोर्ड वाच. ‘संगीत : सपना खिल्लारे.’ खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, ‘सहकार्य : नीलाबाई.’ सहकार्य! सतरंज्या तू घालतोस, त्याला सहकार्य म्हणतात.

हरिचंद : पेंटरला जागा पुरली नसंल.

नीलाबाई : पेंटरला पुरली. आठ महिने झाले तिला येऊन. तो कीबोर्ड उभी राहून वाजवते. उपासनेतसुद्धा. माझ्या गुरुजींनी मला पेटीला पाय लावलास तर हात तोडीन म्हणून सांगितलं होतं.

हरिचंद : ते मशीन उंच हाये ना, बाई. बसून हात पुरंना तिचा.

नीलाबाई : तू तिचा वकील आहेस का?

हरिचंद : वकील कशाचा. घंटा वाजवणारा माणूस मी. पर एक बोलू का? कालपासून घशात अडकून राहिलंय.

नीलाबाई : बोल.

हरिचंद : कापणीच्या गाण्यात तिसऱ्या कडव्याला पेटी थांबली न्हाई.

नीलाबाई : माझी थांबली होती.

हरिचंद : तुमची?

नीलाबाई : हात उचलून बसले होते मी. अख्खं कडवं. तुला कळलं नाही?

हरिचंद : न्हाई बा. त्या मशीनचाच आवाज भरून राहिला व्हता.

नीलाबाई : मग झालं तर. तुला नाही, ढोलकीवाल्या दिपकला नाही, पाळकसाहेबांना नाही. मी वाजवते की नाही, कुणालाच कळलं नाही.

हरिचंद : अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, बाई. सिस्टर इसरली कशी काय? बुधवारी तालमीत तुमी सांगितलं असंल ना?

नीलाबाई : ती दुसरी सतरंजी अजून तशीच आहे.

सपना : जय ख्रिस्त, बाई! जय ख्रिस्त, हरिचंदमामा! बरं झालं, दोघंही आहात.

हरिचंद : या, सिस्टर. आज दवाखान्यात ड्युटी न्हाई का?

सपना : दोनची आहे, हिंगोलीला. बस यायला वेळ आहे थोडा. बाई, मला एक सांगा. काल सगळे चांगलं झालं, चांगलं झालं म्हणून राहिले होते. आज गेटवर जनकाबाई आजींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, पोरी, तू तिसरं कडवं मोडलंस. मतलब काय? चुकलं कुठं माझं?

नीलाबाई : म्हाताऱ्या माणसांचं काय मनावर घेतेस.

सपना : रडत होत्या त्या, बाई.

हरिचंद : सिस्टर, तुमाला खरंच ठाऊक न्हाई?

सपना : काय?

हरिचंद : अरे देवा. त्या कडव्याला कोणी वाजवत न्हाई. पेटी न्हाई, ढोलकी न्हाई, कायच न्हाई. नुसतं माणसांनी म्हणायचं.

सपना : काहून?

हरिचंद : अठ्ठावीस वर्षांमागं, असाच कापणीचा सण व्हता. बाई पेटीवर. दुसरं कडवं सरलं अन् भाता फाटला. फस्स! पेटी गप, बाई गप, ढोलकी गप, गायनमंडळ बी गप. मी तिकडं घंटेपाशी, डोळे मिटून म्हणून राहिलो व्हतो. मला काय पत्ताच न्हाई. मी आपला चालूच.

सपना : एकटेच?

हरिचंद : एकटाच. अन् माझा सूर तुमी ऐकलाय. फाटलेला भाता बरा. लोक हसतेत असं वाटलं व्हतं. पर ही जनकाबाई उठली अन् तिनं धरलं माझ्यासंगं. मंग समद्यांनी. तवापासून कापणीच्या गाण्याला तिसरं कडवं तसंच. भाता नवा आला, तरी बी.

सपना : आणि हे मला कुणी सांगितलं नाही? बाई, मी विचारलं होतं तुम्हाला.

नीलाबाई : चाल दुसऱ्यासारखीच आहे त्याची.

सपना : चाल नव्हती विचारली. थांबा, वही आहे माझ्याकडे. हे बघा, बुधवारचं. मी विचारलं, तिसऱ्यात काही वेगळं आहे का? तुम्ही म्हणालात, दोनच कडवी घेऊ, उशीर झालाय. आणि हे मी तुमच्यासमोर लिहिलंय. ‘तिसरं – काही वेगळं नाही.’

हरिचंद : बाई?

सपना : तुम्ही विसरलात?

नीलाबाई : नाही.

हरिचंद : इसरल्या असतील, सिस्टर. वय झालं की...

नीलाबाई : हरिचंद, गप बस. विसरले नाही मी. मुद्दाम सांगितलं नाही.

सपना : का?

नीलाबाई : मला वाटलं, सगळे थांबतील आणि तू एकटीच वाजवत राहशील. सगळं गाव वळून तुझ्याकडे बघेल. ह्या पोरीला बोटं आहेत, पण इथलं काही ठाऊक नाही, हे लोकांना कळेल. तेवढंच. एका कडव्यापुरतं.

सपना : आणि?

नीलाबाई : आणि दिपक तुझ्याकडे बघून ढोलकी वाजवत राहिला, मंडळ ढोलकीवर गात राहिलं, आणि लोकांनी टाळ्या दिल्या. थांबले ती मी एकटी.

सपना : मी रात्रपाळी करून तालमीला येते, बाई. बसमध्ये झोप काढते. पहिल्या दिवसापासून मी तुम्हालाच विचारत आले, पाळकसाहेबांनासुद्धा नाही. मला वाटायचं, तुम्ही कडक आहात, पण सांगाल ते खरं सांगाल.

नीलाबाई : खरंच सांगत होते. बुधवारपर्यंत.

सपना : बोर्डावर नाव मी नव्हतं मागितलं.

नीलाबाई : माहीत आहे. मागितलं असतंस तर मला सोपं गेलं असतं.

हरिचंद : मला एक बोलू द्या.

नीलाबाई : बोल, तूही बोल.

हरिचंद : तुमाला सिस्टरची जिरवायची व्हती तर दुसरं कायबी करायचं व्हतं, बाई. तिच्या मशीनची वायर काढायची. मी बी काढून देली असती, तुमी सांगितलं असतं तर. पर ते कडवं काहून घेतलं?

नीलाबाई : हरिचंद...

हरिचंद : गायनमंडळात तुमी मला कधी घेतलं न्हाई. बराबर केलं. माझी तक्रार न्हाई. दर रविवारी मी मागं उभा राहून म्हणतो, पेटीच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येत न्हाई. वर्षातून एका दिवशी येतो. त्या एका कडव्याला. काल नवा सदरा घातला व्हता म्या.

नीलाबाई : मला दिसला होता.

हरिचंद : दिसला व्हता ना?

नीलाबाई : तू गेटापाशी उभा होतास. तोंड उघडलंस आणि मिटलंस. टाळ्या सुरू होत्या तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. तुझं मी लक्षातच घेतलं नव्हतं, हरिचंद. बुधवारपासून माझ्या डोक्यात दुसरं कुणी नव्हतंच, हिच्याशिवाय.

सपना : आता हे गाणं परत कधी?

हरिचंद : कापणीला. पुढच्या साली.

सपना : बस यायला पंधरा मिनिटं आहेत. बाई, दाखवा मला. कुठं थांबायचं, कसं थांबायचं. मी मशीन लावते.

नीलाबाई : मशीन नको. तिथलं बटण सोडलं की झटकन तुटतं. इथे बस.

सपना : तुमच्या पेटीवर?

नीलाबाई : चप्पल काढ आधी. मांडी घाल. आणि मी तुझ्यावर खूश झाले असं समजू नकोस. मला अजून राग येतो तुझा. बोर्ड बघितला की येतो, जीपा बघितल्या की येतो.

सपना : मलाही आलाय, बाई. पाळकसाहेबांना मी हे सांगणार आहे.

नीलाबाई : मीच सांगते. तुझ्या बसच्या आधी. आता दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ घे. हळू. डावा हात असा, भात्यावर. बोटं नाही उचलायची.

सपना : मग थांबणार कशी?

नीलाबाई : भाता सोडायचा. सूर आपोआप विरतो, माणसाचा दम संपतो तसा. तो विरताना लोक आपलं म्हणायला लागतात. हं, वाजव... बोटं चांगली आहेत तुझी. तीच तर पंचाईत आहे. आता सोड. हरिचंद, ये पुढे.

हरिचंद : आता? ह्या मळक्या कपड्यांवर?

सपना : म्हणा, मामा.

हरिचंद : हसू नका बरं. ‘ओंजळ माझी फाटकी देवा, दाणे सांडत आलो...’

सपना : बाई, आता पेटी घेऊ परत?

नीलाबाई : अजून नाही. त्याचं होऊ दे.