वहिनींचं वल्हं

खेळाच्या सामानाच्या दुकानात एक बसड्रायव्हर पैसे भरायच्या रांगेत उभा होता. शेजारीच वल्हवायच्या मशीनवर सत्तरीच्या एक बाई बसून दोरी ओढत होत्या. त्यांची नणंद पर्स सांभाळत उभी होती.

"वहिनी, या वयात हे कशाला? सायकल घ्या, बसल्या बसल्या पाय हलतील."

"पायांचं काही अडलेलं नाही गं. मला पाठीत आणि दंडात जोर हवाय."

"कुस्ती खेळायचीय का?"

"तुझ्या भावाशी. रोज पलंगावरून खुर्चीत न्यायचं. परवा हातातून निसटले, दोघंही जमिनीवर."

"आणि मला कळवलं नाहीत?"

"काय कळवायचं? शेजारी येईपर्यंत तिथेच पडून गप्पा मारल्या आम्ही."

"म्हणून म्हणते, माणूस ठेवा."

"दुपारी येतो की. पण यांना पहाटे खिडकीशी बसायचं असतं. तेव्हा कोण येणार?"

"मग ते शेजारचं पाण्याच्या टाकीचं मशीन घ्या. ओढलं की पाणी खळखळतं, आवाज किती छान आहे."

"छान आहे, पण बैठक फार खाली. मी बसले तर मला उठवायला क्रेन लागेल. हे उंच आहे."

ड्रायव्हरची पाळी आली. त्याने मागच्याला पुढे जाऊ दिलं.

"दादा काय म्हणतो?"

"म्हणाले, तू ताकद वाढव, मी वजन उतरवतो. कालपासून गोड सोडलंय."

नणंदेने पर्स वहिनींच्या हातात दिली.

"उठा बघू. मला बसून बघू दे."

"तुला कशाला?"

"रविवारी पहाटे मी येणार. तुम्ही झोपा."