फेरेराच्या दुनळीची वीत

सेकाई : परत उलटंच, सेकुरू आजोबा! उजव्या नळीची गोळी डावीकडं, डाव्या नळीची उजवीकडं. मध्ये चांगली वीतभर जागा.

फेरेरा : पन्नास पावलांवर वीतभर? मग काडतुसात दारू जास्त पडली. चिमूटभर कमी कर.

सेकाई : तीन आठवडे चिमूट चिमूट कमीच करतेय! आता पुंगळीत दारूपेक्षा हवा जास्त. गोळी नळीतून बाहेर पडते हेच नशीब.

फेरेरा : माझ्या वहीत काय लिहिलंय?

सेकाई : वहीतलंच माप भरलं होतं पहिल्या दिवशी. तेव्हाही उलटंच.

फेरेरा : वही चुकत नाही. तिच्या जिवावर चाळीस वर्षं शिकार केली मी.

सेकाई : मग मी चुकते?

फेरेरा : मी घेतलं का कुणाचं नाव?

मारुफू : भांडा निवांत. माझी गावाकडची बस दोनला आहे.

सेकाई : बाबा, असं काय करता? सोमवारी माझी शिकाऱ्याची परीक्षा. रानरेड्याचा माग काढत माझ्यापुढं कोण चालणार?

मारुफू : दुसरा कुणीतरी बघ. हे नवे बूट घातलेत ते बससाठी, जंगलासाठी नाही.

सेकाई : आख्ख्या झांबेझी खोऱ्यात तुमच्यासारखा माग कुणाला काढता येतो?

मारुफू : गोड बोलू नकोस. माग काढणारा पुढं असतो, बंदूक मागं. रेडा उलटला तर तुझी गोळी माझ्या कानाजवळून जाणार. तुझी ही जी वीत आहे ना पोरी, त्या वितीच्या जागेत मी उभा असतो.

फेरेरा : माझ्यापुढं तीस वर्षं चाललास, तेव्हा नाही घाबरलास.

मारुफू : तेव्हा तुला दिसत होतं, फेरेरा.

फेरेरा : डोळे गेलेत, डोकं नाही गेलं.

मारुफू : ते मी कधी धरलंच नव्हतं हिशेबात.

सेकाई : राहू द्या ही दुनळी. मी साधी एकनळी घेऊन जाते.

फेरेरा : खबरदार! रेडा अंगावर आल्यावर एकनळीचा खटका मागंपुढं करत बसशील? हिचा दुसरा बार नुसतं बोट सरकवलं की तयार. म्हणून दिली तुला. काडतुसं किती उरली?

सेकाई : कमी दारूची चार. आणि वहीच्या मापाची दोन, पहिल्या दिवशीची.

मारुफू : चल, झाडून दाखव. बसला वेळ आहे. सकाळपासून नुसते आवाजच ऐकतोय.

सेकाई : या इकडं, कोठाराच्या मागं.

मारुफू : हे काय? टेबल?

सेकाई : बंदूक टेकवायला.

मारुफू : आणि ही पोती?

सेकाई : वाळूची. नेम हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी आवळायची.

मारुफू : खांद्याला ही उशी कसली?

सेकाई : उशी नाही, छर्‍यांची थैली आहे. धक्का लागत नाही.

मारुफू : फेरेरा! ए फेरेरा! खुर्ची सोड आणि काठी टेकत इकडं ये. तुझी शिकारीण जेवायला बसल्यासारखी बसून बार काढतेय!

फेरेरा : काय? बसून?

सेकाई : बाकी सगळ्या बंदुका तशाच तपासतात, सेकुरू.

फेरेरा : ही बाकीची आहे? अगं, बार झाला की हिच्या नळ्या बाहेरच्या अंगाला उसळतात. त्या मोकळ्या उसळल्या तरच दोन्ही गोळ्या एका जागी जातात. तू तिला पोत्यांत चेपलीस, मग गोळ्या एकमेकींना ओलांडणारच! आणि मी गाढव तीन आठवडे दारू कमी करायला सांगतोय!

सेकाई : वहीत तसं काही नव्हतं.

फेरेरा : उभं राहून झाडायचं हे वहीत लिहायचं? श्वास घ्यायचा तेही लिहू?

मारुफू : याला बसलेला मी फक्त बाटलीपुढं पाहिलाय.

सेकाई : पहिल्या दिवशी उभी राहिले होते मी. पाठीवर आपटले. तेव्हा तुमच्याकडं आलेले ते दोन पाहुणे हसले, सेकुरू. मग टेबल आणलं.

फेरेरा : आणि मला सांगितलं नाहीस. मीही आपटलो होतो पहिल्यांदा. विचार याला.

मारुफू : हत्तीच्या शेणात. टोपी मी शोधली.

सेकाई : तुम्ही हसला नाहीत?

मारुफू : झाडाआड जाऊन हसलो.

फेरेरा : ती थैली फेक आधी. वहीच्या मापाची दोन काडतुसं घाल. डावा पाय पुढं. अडकलेलं दार खांद्यानं लोटतेस तशी झुक. आधी उजवा बार, लगेच डावा. मध्ये विचार करायचा नाही.

(दोन बार.)

फेरेरा : पडली का?

मारुफू : एक पाऊल मागं सरली. उभी आहे.

सेकाई : बाबा, तो पुठ्ठा तुम्हीच घेऊन या.

फेरेरा : अरे, बोला की कुणीतरी! आंधळ्याला का छळता?

मारुफू : पन्नास पावलं जाऊन यायला वेळ लागतो, म्हाताऱ्या. हा बघ पुठ्ठा. बोट दे तुझं. हे एक भोक. आणि हे दुसरं.

फेरेरा : काडेपेटीखाली झाकली जातील की रे दोन्ही!

मारुफू : जरा खाली लागलीत.

फेरेरा : लागू दे खाली! सेकाई, वही घे. लिही.

सेकाई : काय लिहू? माप तर तेच आहे.

फेरेरा : लिही, उभं राहून.

मारुफू : ते लिहून झालं की माझ्या जुन्या टायरच्या चपला शोध. हे बूट गवतात फार वाजतात.