तीन केसपेपर

आई : ते सगळं नंतर. आधी हे सांग, अप्पांच्या मनगटाला दवाखान्याचा पट्टा का आहे?

बाबा : तो राहिला होय. कात्रीने कापणार होतो, तेवढ्यात त्यांचा डोळा लागला.

आई : सकाळी मी ट्रेनिंगला निघाले तेव्हा माझे वडील धडधाकट होते. पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसले होते.

बाबा : आताही धडधाकट आहेत. तू बस. चप्पल तरी काढ. सगळं सांगतो, पण पहिल्यापासून सांगू दे. मधूनच ऐकलं की उगाच भयंकर वाटतं.

लेक : आई, आधी मला झालं होतं. आजोबांचं नंतर.

आई : हिला काय झालं होतं?

बाबा : काही नाही. म्हणजे झालं काहीच नाही, पण साडेनऊला शाळेतून फोन आला. मी कारखान्यात, एका जाडजूड पुस्तकाचा कणा चिकटवत होतो. बाई म्हणाल्या, मुलीचे ओठ निळे पडलेत, लगेच या. मी तसाच निघालो. अंगात अ‍ॅप्रन, हाताला गोंद. वाटेत टॅक्सीचं दार उघडलं, ते हाताला चिकटून बसलं. ड्रायव्हरने उतरून सोडवलं.

आई : निळे म्हणजे?

लेक : निळेच. नाकाचं टोकपण. सगळा वर्ग बघायला आला. बाईंनी मला टेबलावर झोपवलं आणि खिडक्या उघडल्या.

बाबा : मी पोचलो तर ही टेबलावर आडवी आणि बाई हिच्या तोंडावर वहीने वारा घालतायत. उचलली आणि थेट दवाखान्यात. तिथे हिच्या बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजला. नव्याण्णव. डॉक्टरांना पटेना. मशीन बदललं. पुन्हा नव्याण्णव. मग खात्री करायला तो चिमटा त्यांनी स्वतःच्या बोटाला लावला. त्यांचा सत्त्याण्णव निघाला.

आई : अरे, पण ओठ निळे कशाने?

बाबा : तेच कुणाला कळेना. हृदयाचा आलेख काढला, छातीचा फोटो काढला. एक मोठे डॉक्टर आले, मग त्यांच्याहून मोठे आले. हिला विचारलं, काय होतंय? ही म्हणाली, तहान लागलीय. पाणी दिलं. पिऊन झालं आणि पेल्याची कड निळी.

लेक : मग नर्सताईंनी कापसाने माझं तोंड पुसलं. कापूस निळा आणि मी बरी.

बाबा : मी परवा निळ्या कापडाचे तुकडे घरी आणले होते ना, पुस्तकबांधणीचे? हिने त्यातून डॉक्टरचा मास्क कापला. शाळेत डॉक्टर-डॉक्टर खेळायला. सकाळपासून लावून बसली होती. श्वासाने कापड ओलं झालं आणि रंग सुटला.

लेक : मी मोठी डॉक्टर होते. बाकीचे सगळे पेशंट.

आई : आणि अप्पा?

बाबा : तेच सांगतोय. आम्ही केसपेपरवर सही करून निघतोय, तर शेजारच्या काकूंचा फोन. अप्पांची वाचा गेली, तोंड उघडत नाही, अर्धांगवायूच आहे, मी अँब्युलन्स बोलावलीय. काकूंनी कुठे तरी वाचलेलं, अशा वेळी माणसाला हसायला सांगायचं आणि दोन्ही हात वर करायला लावायचे. अप्पांनी हात वर केले. हसू मात्र येईना. काकू म्हणाल्या, हसले नाहीत म्हणजे अटॅकच.

आई : अप्पा एरवी तरी कुठे हसतात काकूंसमोर.

बाबा : तेव्हा मला ते सुचलं नाही. मी हिला घेऊन दवाखान्याच्या दारातच उभा. अँब्युलन्स आली, स्ट्रेचर खाली उतरवलं. अप्पांचे डोळे एवढे मोठे, जबडा घट्ट, आणि माझ्याकडे बोट करून नुसते हूं हूं करतायत. सगळ्यांना वाटलं, जावयाला बघून भावना दाटून आल्या. डॉक्टरांनी वही-पेन दिलं, म्हणाले, बोलता येत नसेल तर लिहा. आज वार कोणता? अप्पांनी लिहिलं, गोंद.

आई : काय?

बाबा : गोंद. डॉक्टरांनी एकमेकांकडे बघितलं. विचारलं, तुमच्या मुलीचं नाव काय? अप्पांनी पुन्हा लिहिलं, गोंद. आणि खाली दोन रेघा ओढल्या. मला बाजूला घेऊन समजावायला लागले, की मेंदूतला शब्दांचा भाग गेलेला दिसतो, पेशंट एकाच शब्दावर अडकतो, तुम्ही धीर धरा. लगेच मेंदूचा फोटो काढायला आत नेलं. मी बाहेर बसलो. तुझ्या माहेरी कुणाकुणाला कळवायचं, ते मनात जुळवत होतो.

आई : देवा.

बाबा : फोटो स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, या वयात इतका चांगला मेंदू आम्ही पाहिला नाही. मग तिसऱ्यांदा वही दिली. अप्पा चिडलेले. या वेळी पूर्ण वाक्य लिहिलं. 'कवळी जावयाच्या गोंदाने चिकटली आहे, तुम्ही सगळे मूर्ख आहात.' अनुस्वारासकट.

आई : कवळीला तुझा गोंद लावला त्यांनी?

बाबा : कवळीची ट्यूब संपली होती. माझी बाटली बाथरूमच्या फळीवर. वरचे दात, खालचे दात, दोन्हींना लावला, नीट बसावेत म्हणून तोंड मिटून पाच मिनिटं थांबले. ते काही पुन्हा उघडलं नाही.

आई : हसू नकोस.

बाबा : मी हसत नाहीये. तूच हसतेयस.

आई : मग कसं सोडवलं?

बाबा : दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. कोमट पाणी, एक चपटी पट्टी, आणि पाऊण तास. शेवटी टक्‌ असा आवाज आला...

लेक : आणि बाबा पडले.

आई : कुठे पडले?

लेक : आधी भिंतीला टेकले. मग हळूच खाली बसले. मग झोपले. नर्सताईंनी त्यांचे पाय वर धरले आणि मी त्यांचा बूट धरला.

बाबा : दोन मिनिटंच. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पण त्यांचा नियमच आहे, चक्कर आली की केसपेपर काढायचा. नर्सबाई लिहिता लिहिता म्हणाल्या, आडनाव पाठ झालंय, घरातलं अजून कुणी यायचं राहिलं असेल तर आत्ताच बोलवून घ्या. का गं? काय झालं?

आई : काही नाही. अप्पा काय म्हणाले तोंड सुटल्यावर?

बाबा : मी कॉटवर आडवा, ते शेजारच्या खुर्चीत, दात वाटीत. माझ्याकडे बघून म्हणाले, गोंद चांगला आहे. बारा वर्षांत माझ्या धंद्याबद्दल पहिला चांगला शब्द.

आई : आणि हे सगळं मला आता कळतंय. सहा वाजता. तेही पट्टा राहून गेला म्हणून. नाही तर सांगितलंच नसतंस.

बाबा : सांगितलं असतं. उद्या.

आई : माझी मुलगी, माझे वडील, आणि तू. तिघं एका दिवसात दवाखान्यात, आणि मी बाहेर. मला कळवायचं नाही?

बाबा : काय कळवायचं होतं? मुलगी निळी पडलीय? तू ट्रेनिंग टाकून धावत आली असतीस आणि इथे येऊन बघतेस तर कापसाला रंग. म्हटलं, एक दिवस तरी मी सांभाळतो. तुला नेहमी वाटतं मला जमत नाही.

आई : मी असं कधी म्हटलं?

बाबा : म्हणत नाहीस. म्हणून तर कळतं.

लेक : आई, तुझ्या हातालापण कापूस आहे.

आई : कुठे? काही नाही गं.

लेक : हा बघ, कोपराच्या आत. चिकटपट्टीपण आहे. आजोबांचं रक्त काढल्यावर लावला तस्साच.

बाबा : बघू.

आई : बाळा, आजोबा उठलेत का बघून ये. उठले असतील तर त्यांच्याशेजारी बस. मी हाक मारेपर्यंत.

(लेक जाते. आई बाही खाली ओढते, मग पुन्हा वर करते.)

बाबा : ट्रेनिंगमध्ये रक्त काढतात?

आई : ट्रेनिंग नव्हतं. तू आधी खाली बस.

बाबा : बसलोय.

आई : नीट बस. भिंतीला पाठ लाव. तीन आठवड्यांपूर्वी अंघोळ करताना हाताला गाठ लागली. इथे, काखेच्या जरा खाली. आज आधी रक्त घेतलं, मग गाठ सुई घालून तपासली. त्याच दिवशी रिपोर्ट देतात, म्हणून दिवसभर थांबले. काही नाही निघालं. साधी गाठ आहे. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय, हा घे. वाच. पांढरा पडू नकोस.

बाबा : तीन आठवडे?

आई : हं.

बाबा : तीन आठवड्यांत आपण गादीच्या खोळीवरून भांडलो. तू मला तासभर ऐकवलंस.

आई : खोळ चुकीच्या मापाची होती.

बाबा : मला का नाही सांगितलंस?

आई : सांगितलं असतं, तर माझ्याआधी तुला धरायला माणूस लागला असता. सुईचं नाव काढलं की तुझ्या डोळ्यांपुढे अंधारी येते. आजचंच बघ. कवळी अप्पांची, आणि पडलास तू.

बाबा : पडलो असतो. पण पडल्यावर उठलो असतो ना. आजही उठलोच. अप्पांना हाताला धरून घरी आणलं, हिला जेवायला घातलं, भांडी घासली.

आई : हो.

बाबा : सोबत कोण होतं?

आई : कुणी नाही. आत जाताना पर्स कुठे ठेवायची कळेना. बाकावरच्या एका बाई म्हणाल्या, द्या इकडे. त्यांच्या मांडीवर आधीच तीन पर्स होत्या.

बाबा : मी तुला फोन केला होता. एकदाच. हिचे ओठ निळे असताना. बंद लागला, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. पुन्हा नाही लावला.

आई : माहीत आहे. दीड वाजता बाहेर येऊन फोन चालू केला, तेव्हा तुझा फोन येऊन गेल्याचा मेसेज आला. मला वाटलं, तुला कळलं.

बाबा : कसं कळणार होतं?

आई : कसंही. ऑफिसात विचारलं असशील, ड्रॉवरमधला तपासणीचा कागद सापडला असेल. म्हटलं, कळलं एकदाचं.

बाबा : मग उलट फोन का नाही केलास?

आई : भीती वाटली, तू भलतंच काही बोलशील. मीठ कुठे ठेवलंय असं काही तरी. रिपोर्ट यायला तीन तास होते. तोवर तुला माहीत आहे असं समजून बसून राहिले. तेवढे तीन तास सोपे गेले.