सुधाकररावांनी शेजाऱ्याचं व्होल्टेज उचललं

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणसानं किती जोरात पळावं, हे कुणी ठरवायचं? त्याच्या स्वतःच्या पायांनी, की शेजाऱ्याच्या पायांनी?

स्वतःच्या, म्हणताय. छान! पुढच्या रांगेनं तर माना जोरात हलवल्या. आता ऐका.

विट्याच्या एका गल्लीत समोरासमोर दोन फोटो स्टुडिओ. एक सुधाकर पोळांचा, दुसरा नंदकुमार जंगमांचा. दोघंही लग्नाचं शूटिंग करत, मग संगणकावर त्याची फिल्म बांधत. दोघांनी संगणक एकाच दुकानातून, एकाच आठवड्यात घेतलेले. आतला प्रोसेसरही तोच. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. आजी, तुम्हाला कळलं ना? झालं तर, आता कुणाचीच सबब नाही.

एके सकाळी सुधाकरराव शटर उघडतात, तर समोर नंदूच्या दुकानात संगणकाच्या काचेच्या पेटीतला नवा झगमगाट! आणि पडद्यावर, रस्त्यावरून दिसेल एवढा मोठा आकडा — पाच पॉइंट दोन. हा त्या मेंदूचा वेग. कारखान्यानं सांगितलेला वेग होता चार पॉइंट सहा. नंदूनं तो वाढवला होता. ह्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पाप नाही हो, रीतसर सोय आहे.

सुधाकररावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पत्नी हेमलताबाईंनी विचारलं, भाजी खारट झालीय का? ते म्हणाले, भाजी ठीक आहे, समोरचं खारट आहे.

संध्याकाळी ते संगणकवाल्या इरफानभाईंकडे गेले. इरफानभाई शहाणा माणूस. त्यांनी समजावलं, की वेग वाढवला की मेंदूला व्होल्टेज जास्त लागतं. आमच्या तबलजींचं तसंच आहे! लय दुप्पट करा म्हटलं की चहा जास्त लागतो. पण पंधराव्या कपानंतर बोट थरथरायला लागतं, ठेका जातो आणि बुवा मात्र लोकांत उघडे पडतात. तेव्हा व्होल्टेज वाढवायचं ते केसभर. वाढवलं की तास-दोन तास संगणकाला दामटून कामाला लावायचं, ताप किती चढतो ते बघायचं. अडखळला, तर आणखी केसभर. ताप चढला, तर मागं यायचं. तुमच्या चिपला, म्हणजे ह्या मेंदूला, एक पॉइंट तीन व्होल्टची भिंत धरा, इरफानभाई म्हणाले.

आणि निघताना म्हणाले, “सुधाकरभाऊ, दोन चिप सारख्या नसतात. एका खोक्यातून निघाल्या तरी. दुसऱ्याचा आकडा आपल्याकडे आणू नका.”

सुधाकररावांनी तसंच केलं बरं का! तीन दिवस वहीत लिहून, एकेक पायरी चढत ते चार पॉइंट नऊवर पोचले. व्होल्टेज एक पॉइंट अठ्ठावीस. ताप बेताचा. फिल्म आधीपेक्षा लवकर व्हायला लागली. सुखी माणूस! मंडळी, हे सुख किती टिकलं? दोन दिवस.

कारण चार पॉइंट नऊ हा आकडा चांगलाच आहे, पण समोर पाच पॉइंट दोन आहे. आपली पुरणपोळी गोड असते हो, शेजारच्या ताटात दोन दिसेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी ते लाइटचं स्टँड मागायच्या निमित्तानं नंदूकडे गेले. स्टँड त्यांच्याकडे चार होती. डोळा पडद्याच्या कोपऱ्यावर. तिथं बारीक अक्षरात व्होल्टेज — एक पॉइंट पंचेचाळीस. ते पुटपुटत रस्ता ओलांडून आले. वाटेत कुणी रामराम केला, तर हे म्हणाले, पंचेचाळीस.

आणि तोच आकडा त्यांनी आपल्या संगणकात भरला. इरफानभाईंची भिंत? ती शेजाऱ्याचा आकडा दिसेपर्यंतच उभी असते.

संगणक चालू झाला! पाच पॉइंट दोन! ताप अठ्ठ्याण्णव अंशांवर, पाणी उकळायला दोनच अंश कमी. सुधाकररावांनी पेटीचं झाकण काढलं आणि घरातला टेबलफॅन आणून समोर लावला. हेमलताबाई म्हणाल्या, मला सात वर्षांत एकदा वारा घालावासा वाटला नाही तुम्हाला. ते ऐकत नव्हते. ते आपला आकडा कागदावर लिहून काचेला चिकटवत होते, नंदूला दिसेल असा.

आता खरी गोष्ट. गावातले तात्या गोंदकर खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले. एकुलत्या एका लेकीचं, वृंदाचं, लग्न झालं, पण तात्यांना कार्यालयात जाता आलं नाही. कन्यादान तात्यांच्या धाकट्या भावानं केलं. वृंदा गुरुवारी नवऱ्याबरोबर परदेशी निघायची होती. तात्यांचं मागणं एकच. लेक शेजारी बसलेली असताना तिचं लग्न बघायचं. सुधाकररावांनी शब्द दिला होता, बुधवारी फिल्म देतो.

मंगळवारी सकाळी फिल्म त्रेसष्ट टक्क्यांवर आली आणि पडदा गोठला. पुन्हा चालू केला, पुन्हा गोठला. व्होल्टेज उतरवून वेग चार पॉइंट नऊवर आणला. दोन-तीन आठवड्यांपूर्वी सुखानं चालणारा वेग, आता तोही पेलेना! कारखान्याचा मूळ वेग ठेवला, तरी मध्येच मान टाकली. इरफानभाई येऊन बघून गेले. म्हणाले, आत झिजलंय, हे आता भरून येत नाही.

हातात फिल्मची डिस्क. समोर नंदूचं दुकान. अंतर बारा पावलं. सुधाकरराव दारात अर्धा तास उभे होते. मंडळी, हसू नका. तुमच्यातले काहीजण भावाच्या दारासमोर वीस वर्षं तसे उभे आहेत.

शेवटी वृंदाचा फोन आला, तात्या विचारतायत. तेव्हा गेले.

नंदूनं काही न विचारता डिस्क लावून घेतली. काम सुरू झालं. सुधाकरराव पडद्याच्या कोपऱ्याकडे बघत बसले. पाच पॉइंट दोन. एक पॉइंट पंचेचाळीस. बघता बघता त्यांना जाणवलं, की आकडा हलतच नाही. काम चालू असताना आकडा सारखा नाचतो. हा भिंतीवरच्या देवासारखा स्थिर.

“नंदू, हा फोटो आहे?”

“फोटो आहे,” नंदू म्हणाला. “खरा दोन आठवडे होता. मग माझी चिप गेली. आता नवी आहे, कारखान्याच्या वेगावर. हातही लावत नाही तिला.”

“मग हा लावून कशाला ठेवलास?”

नंदूनं मान वळवली नाही. “तुमच्याकडे माणसं येऊन बसतात, सुधाकरराव. चहा पितात, अल्बम पुन्हा पुन्हा बघतात. माझ्याकडे फोटो घेतात आणि उठतात. म्हटलं, आपल्याकडे निदान एक आकडा तरी असावा.”

फिल्म आपल्या चालीनं, साडेपाच तासांनी, पूर्ण झाली.

बुधवारी दुपारी तात्यांच्या खाटेशी पडदा लावला. वृंदानं त्यांचा हात हातात घेतला. कन्यादानाचा प्रसंग आला. धाकटा भाऊ ओंजळीत पाणी सोडतोय. तात्या बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पाणी सांडलं बघ त्यानं. मी असतो तर थेंब सांडला नसता.” आणि रडले.

तर मंडळी, सुधाकररावांचा मत्सर गेला का? छे! परवाच मला म्हणाले, नंदूचा पडदा आपल्यापेक्षा दोन इंच मोठा आहे. मत्सर जात नाही. त्याला व्होल्टेज किती द्यायचं, एवढंच आपल्या हातात असतं. आणि ज्याचा हेवा करून आपण आतून झिजतो, तो बिचारा आपल्याकडे बघून झिजत असतो.

मघाशी माना हलवलेली पुढची रांग आता खाली बघतेय. बघा, बघा. आरती सुरू होतेय. देवाकडे बघून ओवाळा, आणि शेजारच्या ताटात वाती किती आहेत ते आज एक दिवस मोजू नका.